दारातले चार सेकंद

माझं काम सिनेमा बघण्याचं नाही, तपासण्याचं आहे. हे लोकांना सांगून सांगून मी थकले. कुठेही गेले की कोणीतरी म्हणतंच, "मजा आहे बाई तुझी, दिवसभर सिनेमे!" मी दिवसभर संग्रहालयाच्या तळमजल्यावर एका टेबलापाशी उभी असते. डाव्या चकतीवरची फिल्म उजव्या चकतीवर घेते. मध्ये दिव्याची काच असते, तिच्यावरून फिल्म सरकते आणि हातमोज्यातली दोन बोटं तिच्या कडांवर ठेवून मी ओरखडे, फाटलेली भोकं, आकसलेले तुकडे आणि जोड मोजते. एका रिळाला दोन तास जातात. नायिका रडतेय का हसतेय याच्याशी मला काही देणंघेणं नसतं. तिच्या गालावर बुरशी आलीय का, तेवढं मी बघते.

याला कारण माझे बाबा. ते चाळीस वर्षं एका थिएटरात ऑपरेटर होते, म्हणजे प्रोजेक्टर चालवायचे. शाळा सुटली की मी त्यांच्या केबिनमध्ये बसून गृहपाठ करायची. एक धडधाकट माणूस एवढ्याशा खिडकीतून तोच सिनेमा दिवसाला चार वेळा बघतो आणि चारही वेळा त्याच जागी डोळे पुसतो, हे ज्यानं लहानपणी पाहिलंय त्याला सिनेमाचं वेड लागणं कठीण. मला सिनेमाची काळजी घेता येते. प्रेमाचं खातं मी बाबांकडे सोडून दिलंय.

तर त्या मंगळवारी टेबलावर जो सिनेमा होता, तो आमच्या संग्रहालयाची शान. त्या दिग्दर्शकानं आयुष्यात पाच सिनेमे केले, त्यातले चार नष्ट झाले. पाचव्याची एकच प्रत उरली, आणि तीही सापडली बाबांच्या थिएटरच्या माळ्यावर. गोष्ट साधी आहे. घड्याळं दुरुस्त करणारा नवरा, त्याची बायको आणि एक खोली. दोघांचं पटत नाही. शेवटाकडे ती बॅग उचलून निघते. कॅमेरा खोलीत एका जागी, हलत नाही. ती आपल्याकडे पाठ करून दारात उभी आहे. आणि पुढच्याच क्षणी दार रिकामं! ती जाताना दिसतच नाही. आत्ता होती, आत्ता नाही. त्या रिकाम्या दारावर पाऊणएक सेकंद तिचा अर्धवट आवाज ऐकू येतो, घशात अडकलेल्या श्वासासारखा. मग नवऱ्याचा चेहरा येतो, आणि तो चक्क हसतो.

या रिकाम्या दारावर सरांनी उभी हयात घालवली. सर म्हणजे आमच्या फिल्म सोसायटीचे संस्थापक. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे, निवृत्त होऊनही आता अठरा वर्षं झाली. बाबांच्या थिएटरातली ती प्रत शोधून काढली ती त्यांनीच, एकतीस वर्षांपूर्वी. मग त्यांनी पुस्तक लिहिलं. दोनशे बारा पानं, त्यातली चाळीस त्या दारावर. बायको घरातून जात नाही, पुसली जाते, असं ते म्हणतात. तो आवाज म्हणजे दाबलेला हुंदका आणि नवऱ्याचं हसू म्हणजे त्याला वेड लागल्याची पहिली खूण. दर वर्षी नव्या सभासदांना हा सिनेमा दाखवायचा आणि त्यावर सरांनी दोन तास बोलायचं, हा सोसायटीचा शिरस्ता. प्रोजेक्टरवर दर वेळी बाबाच. बोलतात मात्र सुरेख. मी बुरशी मोजणारी बाई, पण मीही दोनदा हातातलं काम टाकून ऐकत बसले होते.

सरांच्या मते सिनेमा दिग्दर्शकाचा असतो, नटनट्या म्हणजे त्याचं सामान. नायिकेबद्दल त्या दोनशे बारा पानांत एकच वाक्य आहे: अभिनेत्रीच्या मर्यादा ओळखून दिग्दर्शकाने ऐन क्षणी तिलाच दृश्यातून काढून टाकले, ही त्याची सर्वांत मोठी हुशारी. त्या बाई अकरा वर्षांपूर्वी गेल्या. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. रिकाम्या दाराच्या दृश्यासाठी त्या स्मरणात राहतील, असं त्यात होतं. म्हणजे ज्या दृश्यात त्या नाहीत, त्यासाठी.

आठव्या रिळात, बरोबर त्याच जागी, माझ्या बोटाला जोड लागला.

हे जरा उलगडून सांगायला हवं. दिग्दर्शक जेव्हा दृश्य कापतो तेव्हा तो मूळ निगेटिव्ह कापतो. थिएटरात येते ती त्याची छापील प्रत. त्या प्रतीत कापल्याची जागा डोळ्यांना दिसते, बोटाला लागत नाही, कारण ती सलग पट्टीवरच छापलेली असते. प्रतीत हाताला जोड लागला तर त्याचा अर्थ एकच: इथली फिल्म थिएटरात तुटली, नाहीतर कोणीतरी तोडली. शिवाय चित्राचा आवाज चित्राच्या शेजारी नसतो, वीसेक चौकटी आधीच छापलेला असतो. मधलं चित्र कापून घेतलं तरी त्याच्या आवाजाचं सुरुवातीचं शेपूट मागे राहतं. पाऊण सेकंदाचं. सरांनी ज्याला हुंदका म्हटलं, ते हे शेपूट.

इथवर ठीक होतं. जुन्या प्रतीत जोड सापडणं ही काही बातमी नव्हे. पण मग मी भिंग लावलं. जोड लावण्याआधी फिल्मवरचा थर ब्लेडनं खरवडावा लागतो. हा थर डावीकडे जास्त खरवडलेला होता आणि जोडाची रेघ जराशी तिरकी होती. असे शेकडो जोड माझ्या डोळ्यांसमोर लागलेत. डावखुऱ्या माणसाचा हात होता तो. बापाचं अक्षर ओळखायला पोरीला भिंग लागत नाही.

तीन आठवड्यांनी दुरुस्त प्रतीचा पहिला खेळ ठरला होता. सरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती त्याच दिवशी निघणार होती. आणि एकमेव प्रत जपल्याबद्दल बाबांचा सत्कार होता. सत्कारपत्राचा मजकूर सरांनी स्वतः लिहिला होता, "कलाकृतीचा राखणदार" वगैरे. बाबांनी त्यासाठी नवा कोट शिवायला टाकला होता.

संध्याकाळी मी घरी न जाता तडक आईबाबांकडे गेले. दोन खोल्यांचं घर, दुसरा मजला. आई भाजी निवडत होती, बाबा रेडिओ ऐकत होते.

"आठव्या रिळातला जोड कोणाचा?" मी दारातूनच विचारलं.

बाबांनी रेडिओ बंद केला. "कुठला जोड?"

"डावीकडे जास्त खरवडलेला."

"तो तपासणीत कळतो का?"

"बाबा, माझा धंदाच तो आहे."

आईनं भाजीची परात बाजूला सरकवली. "दाखवा तिला. माझी सवत आहे, म्हटलं, आत कपाटात. नव्या साडीचा खर्च नाही, कुरकुर नाही, गेली तेहतीस वर्षं सुखानं नांदतेय."

बाबांनी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. झाकण उघडल्यावर आंबूस वास आला. फिल्म सडायला लागली की असा वास येतो. आत कागदाच्या पुड्यांत तीन-तीन चार-चार चौकटींचे तुकडे होते, वेगवेगळ्या नटनट्यांचे. प्रत जुनी होऊन भंगारात निघाली की ऑपरेटर लोक आपल्या आवडत्या चेहऱ्याचा तुकडा कापून ठेवत. सगळेच ठेवत. त्याला कोणी चोरी म्हणत नसे, कारण उरलेलं वितळवून त्यातली चांदी काढली जायची. तळाशी एक मोठी गुंडाळी होती. मी ती दिव्यासमोर धरली. सहा फूट, शहाण्णव चौकटी, चार सेकंद.

दारातली बाई मागे वळते. नवऱ्याकडे बघते. आणि हसते. उपरोधानं नाही, रडवेलं नाही, चांगलं खळखळून हसते. मग बॅग सावरून निघून जाते. मी चौकटीमागून चौकट सरकवत राहिले. गालावर बुरशी होती का, ते मला आत्ता आठवत नाही.

"कंपनीचा माणूस सांगून गेला होता की प्रत सोमवारी भंगारात जाणार," बाबा म्हणाले. "म्हटलं, बाईसाहेबांचं एवढं तरी राहू दे. शनिवारी कापलं. सोमवारी ट्रक आलाच नाही. मंगळवारीही नाही. कंपनी बुडाली म्हणे. प्रत माळ्यावर पडून राहिली."

"मग परत का नाही जोडलंत?"

"जोडणार होतो ना. पण कोणी मागायलाच आलं नाही. दोन वर्षांनी सर आले. अशी प्रत आहे का, म्हणून विचारत जिने चढून आले. मी हो म्हटलं. त्यांना एवढा आनंद झाला की मला डब्याचं सुचलंच नाही. खेळ लागला तेव्हा सुचलं. म्हटलं, संपल्यावर सांगू." बाबांनी गुंडाळीवरची धूळ बोटानं पुसली. "संपला तर सर धावत केबिनमध्ये. डोळ्यांत पाणी. माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, पाहिलंत? पाहिलंत काय कापलंय? असं कापायला छाती लागते! आता यावर मी काय बोलणार?"

आई तोंडाला पदर लावून हसत होती. मलाही हसू आलं असतं, पण बाबांचा चेहरा पडला होता.

"पुढे ते इतकं छान बोलायला लागले त्याच्यावर," ते म्हणाले, "की मलाच वाटायला लागलं, हे त्या दिग्दर्शकानंच कापलंय. मी आपला निमित्त."

"अहवाल शुक्रवारी जायचाय, बाबा. तुकडा कुठे मिळाला, कोणाकडून, असा रकाना असतो त्यात."

"सत्कार गेला खड्ड्यात. कोटाचं बघू काहीतरी." मग हळूच म्हणाले, "पण सरांना कळू देऊ नकोस."

खरी गोम इथे होती. बाबा दहावी नापास. थिएटर बंद पडून तिथे फर्निचरचं दुकान झालं, बरोबरीचे सगळे पांगले. गेली एकवीस वर्षं दर गुरुवारी चार वाजता सर चहाला येतात, आणि दोघं सहा वाजेपर्यंत जुन्या सिनेमांवर बोलतात. सर बाबांना "ऑपरेटरसाहेब" म्हणतात. कुठल्या सिनेमात कुठल्या रिळाला काय आहे, ते बाबांना विचारतात आणि वहीत लिहून घेतात. कॉलेजात शिकवलेला माणूस आपलं म्हणणं लिहून घेतो, याचं बाबांना काय वाटत असेल ते मी सांगायला नको. त्या दोन तासांसाठी ते बुधवारी रात्रीच दाढी करून ठेवतात. ते दोन तास जाणार होते.

मी अहवालात खोटं लिहिणार नव्हते. हे मी बाबांना सांगितलं, जरा कडकच सांगितलं. मला राग आला होता. बाबांचा तर आलाच होता, पण त्याहून जास्त त्या सगळ्या प्रकाराचा. एकानं तिला डब्यात घातलं, दुसऱ्यानं ती नाही म्हणून टाळ्या पिटल्या, आणि ती बिचारी नुसती हसली होती.

बाबांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "मीच सांगतो. पण इथे नको. त्यांच्या घरी जाऊ. म्हणजे त्यांना मला हाकलता येईल."

बुधवारी दुपारी आम्ही सरांकडे गेलो. सर एकटे राहतात. खुर्च्यांवर पुस्तकं असतात आणि पाहुण्याला आधी पुस्तकं उचलावी लागतात. ते नव्या आवृत्तीची मुद्रितं तपासत होते. टेबलावर तेच प्रकरण होतं, दाराचं.

"या, ऑपरेटरसाहेब! वार चुकलात की काय?"

बाबांनी डबा टेबलावर ठेवला. वाटेत त्यांनी काय काय बोलायचं ते जुळवलं होतं, ओठ हलताना मी पाहिले होते. त्यातलं एक अक्षर त्यांना आठवलं नाही. त्यांनी गुंडाळी उलगडून सरांच्या हातात दिली आणि खिडकीकडे बोट केलं.

सरांनी ती उजेडात धरली. मी माझं भिंग पुढे केलं. त्यांनी एक टोक पाहिलं, दुसरं पाहिलं, मग मधलं. पुन्हा पहिलं.

"हे न वापरलेलं दृश्य असणार," ते म्हणाले. "एकेक दृश्य बऱ्याचदा चित्रित करतात. दिग्दर्शकानं हे नाकारलं असेल. फार मोलाचं आहे हे. कुठे मिळालं?"

"नाकारलेलं नाही, सर," मी म्हटलं. "आठव्या रिळाच्या उजव्या कडेला एक लांब ओरखडा आहे. तो जोडाच्या आधी आहे, जोडानंतर आहे आणि ह्या तुकड्यावरही आहे. तिन्ही रेघा एकाच ओळीत येतात. मी आज सकाळीच मोजून आलेय."

सर तर्कशास्त्राचे. त्यांना याहून जास्त सांगावं लागलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, मग बाबांकडे.

"मी कापलं," बाबा म्हणाले. "तुम्ही यायच्या दोन वर्षं आधी. भंगारात जाणार होती प्रत."

खालून एक गाडी हॉर्न वाजवत गेली. सरांनी तुकडा अगदी जपून टेबलावर ठेवला.

"एकतीस वर्षं," ते म्हणाले, "मी दर वर्षी दोन तास बोलायचो. तुम्ही वर केबिनमध्ये असायचात."

"हो."

"ऐकू यायचं?"

"सगळं."

"मग हसत असाल."

"नाही हो, सर!" बाबा उभेच राहिले. "शप्पथ. एकदाही नाही. मला पटायचं ते."

याने सर जास्तच दुखावले असं मला वाटलं. त्यांनी मुद्रितांची चळत उचलली, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या, पुन्हा ठेवली. मग माझ्याकडे वळून परीक्षकाच्या आवाजात म्हणाले, "हा तुकडा लावायचा नाही. प्रत जशी प्रसिद्ध झाली तशी राहू दे. तीन पिढ्यांनी ती तशी पाहिलीय. तेही आता खरंच आहे."

"लागणार, सर. दिग्दर्शकानं काढलेला सिनेमा हा आहे."

"मग मला बोलवू नका."

"सर," बाबा म्हणाले.

"तुम्ही निघा आता," सर म्हणाले. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मागे ऑपरेटरसाहेब लावलं नाही.

गुरुवारी चार वाजता सर आले नाहीत. हे मला आईनं फोनवर सांगितलं. बाबांनी दाढी केली होती, दोन कप काढले होते. पावणेपाचला त्यांनी एक कप विसळून जागेवर ठेवला आणि आपला चहा उभ्यानंच घेतला. "सवत घरातून गेली तर मला वाटलं सुटले," आई म्हणाली, "पण आता हे माझ्याशीच गप्पा मारायला बघतात. मला काय कळतंय त्यातलं?" विनोद केला खरा, पण तिचा आवाज काही हसरा नव्हता.

शुक्रवारी बाबा स्वतः संग्रहालयात आले. अहवालातला रकाना त्यांनी आपल्या हातानं भरला. नाव, पत्ता, आणि पुढे: प्रत भंगारात जाईल असे समजून कापले, नंतर सांगण्याचे धाडस झाले नाही. संचालकबाईंना त्यांनी सत्कार रद्द करायला सांगितला. बाई चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही कापून घरात ठेवलंत म्हणून हे चार सेकंद धड राहिले. बाकीच्या रिळाची अवस्था बघा." बाबांना तेवढ्यानं धीर आला नाही. तुकडा मीच जोडला. त्यांना मी हात लावू दिला नाही. ते माझ्यामागे हात पाठीशी बांधून उभे राहिले, आणि मी थर खरवडायला लागले तशी म्हणाले, "सरळ येतोय तुझा. माझा कधी आला नाही."

सरांची नवी आवृत्ती निघाली नाही. छापखान्यातून मुद्रितं परत मागवली, एवढंच आम्हाला कळलं.

खेळाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. दुपारी तीनचा खेळ. चार सेकंद जास्तीचे सापडलेत ही बातमी पसरली होती, त्यामुळे एरवी न येणारेही आले होते. बाबांनी नवा कोट घातला नाही. ते माझ्या शेजारी सहाव्या रांगेत बसले. हा सिनेमा त्यांनी शेकडो वेळा चालवला होता, पण खुर्चीत बसून कधी पाहिला नव्हता. खिडकी नाही, मशीनचा आवाज नाही, हातांना काही काम नाही. ते सारखे मागे वळून केबिनकडे बघत होते.

दिवे मालवल्यावर कोणीतरी आमच्या रांगेत आलं आणि बाबांच्या पलीकडची खुर्ची घेतली. पडद्यावर उजेड आला तेव्हा मला दिसलं, सर होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. बाबांनीही पाहिलं नाही, पण खुर्चीच्या हातावरचं कोपर उचलून घेतलं आणि सरांना जागा दिली.

मी तो सिनेमा पहिल्यांदाच सलग पाहत होते. सगळाच सांगत बसत नाही. आठवं रीळ आलं. बाई बॅग घेऊन दारात उभी. सोसायटीच्या जुन्या सभासदांनी सवयीनं श्वास रोखलेला मला जाणवला, कारण आता ती नाहीशी व्हायची.

ती वळली. आणि हसली.

घशात अडकलेला आवाज पुढे सरकला आणि पूर्ण झाला. तो हुंदका नव्हताच. खळखळून हसण्याची ती नुसती सुरुवात होती. या घरातून एकदाचं निघता आलं याचं ते हसू होतं, आणि मागे राहणाऱ्याबद्दल त्यात जराही कडवटपणा नव्हता. आमच्या मागे एक बाई मोठ्यानं "अगं बाई!" म्हणाली. मग ती गेली. दार रिकामं राहिलं. मग नवऱ्याचा चेहरा आला, आणि तो हसला.

सभागृहात सगळीकडून एक हलकंसं हसू उमटलं. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती हसली म्हणून तो हसला होता. दोघांचं आयुष्यभर पटलं नाही, आणि जाताजाता तेवढं एक पटलं.

"अहो," सर पुटपुटले. "अहो, तो तिला बघून हसतोय."

"हो, सर," बाबा पडद्याकडे बघतच म्हणाले. "तो पहिल्यापासूनच तिला बघून हसायचा."

सिनेमा संपला. टाळ्या खूप वेळ चालल्या. लोक सरांकडे बघत होते. ते उठून काहीतरी बोलतील अशी सगळ्यांची अपेक्षा होती, पण सर उठले नाहीत. संचालकबाईंनी लांबून खूण केली, त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. हळूहळू सभागृह रिकामं झालं. आम्ही तिघं तसेच बसून होतो. मी मध्ये बोलणार नव्हते. हे दोघांचं होतं.

"मी तिला वाईट नटी म्हटलं नाही, एवढंच," सर शेवटी म्हणाले. "बाकी सगळं म्हटलं. मर्यादा म्हटल्या." त्यांनी चष्मा काढला. "आणि त्याला वेडा ठरवला. चाळीस पानं."

सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"मला तुमचा राग आहे, ऑपरेटरसाहेब. तो जाणार नाही इतक्यात."

"बरोबर आहे."

"पण आत्ता एक लक्षात आलं, आणि ते रागापेक्षा वाईट आहे. मी तो सिनेमा साठ वेळा तरी पाहिला असेल. आठवं रीळ आलं की मी त्या कापाची वाट बघत बसायचो. ती तोपर्यंत काय करत होती, ते मी कधी बघितलंच नाही. आजही नाही बघितलं. आजही मी त्या जागेचीच वाट बघत होतो." ते बाबांकडे वळले. "तुम्ही बघायचात. ती हसायच्या आधी काय करते?"

बाबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, जणू परवानगीच हवी होती. दारातला माणूस दिवे बंद करायला थांबला होता. मी त्याला हातानं थांबवलं.

"आधी ती चपला शोधते," बाबा म्हणाले.

"चपला?"

"खाटेखाली. एक सापडते, एक सापडत नाही. तो घड्याळ उघडून बसलेला असतो, त्याला माहीत असतं कुठे आहे ती, पण तो सांगत नाही."

सर आठवायचा प्रयत्न करत होते. कपाळाला आठ्या पडल्या होत्या. मग त्यांनी सवयीनं खिशातली वही काढली आणि नुसतीच गुडघ्यावर धरून ठेवली.

"मला चपला आठवत नाहीत," ते म्हणाले.

"कशा आठवतील," बाबा म्हणाले. "ऐका."